आत्या, तिसरं पान मी दिलं नव्हतं

अन्याय शालन वहिनीवर झाला. यंदाच्या जानेवारीत, दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. डाळजच्या अलीकडं आमची वस्ती, वस्तीमागं आमचा ऊस, आणि उसाच्या बांधावर रात्रभर पडून राहिलेली विजेची तार. खुरपायला निघालेल्या शालन वहिनीनं ती तार बाजूला सारायला उचलली. मागनं तिचीच शेरडं येत होती, त्यांच्या पायांत अडकायला नको म्हणून. दुसरा अन्याय त्यानंतर नवव्या दिवशी झाला, चौकशीच्या कागदावर. 'मयताचा निष्काळजीपणा' असे दोन शब्द लिहून साहेब मोकळे झाले. तिसरा अन्याय मी केला, विमलआत्या. तिच्यावर आणि तुझ्यावर, एकाच खोट्यानं. तो कधी केला, कसा केला, हे तू असताना तुला सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून आता सगळ्यांच्या देखत सांगते.

तू गेल्याला आज अकरा दिवस झाले. स्वीडनहून तुझ्या शेजारणीचा फोन आला तेव्हा भरदुपारी मी इंदापुरात छापखान्यात उभी होते, हाताला शाई. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. एवढं कळलं की तू स्वैपाकघरातल्या टेबलाशी बसल्याजागी गेलीस. समोर कागद पसरलेले होते. मला आधी रडू यायला हवं होतं. आधी भीती वाटली, की ते कागद आमचे तर नसतील.

तुझा जन्म कधीचा, कुठल्या कॉलेजात शिकलीस, कुठला मान मिळाला, हे मी लिहिणार नाही. ते काम बारामतीच्या सत्कारवाल्यांनी केलंय. आठवतोय ना तो सत्कार? शालन वहिनी जायच्या महिनाभर आधीचा. शाल, नारळ, आणि तासभर दुसऱ्यांचीच भाषणं. एकजण म्हणाला, 'सातासमुद्रापार झेंडा रोवणारी आपल्या मातीची लेक.' मग तुला बोलायला उभं केलं. तू माईकला हात लावलास आणि झटक्यात मागं घेतलास. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. टाळ्यांचा कडकडाट.

"टाळ्या कशापायी?" तू म्हणालीस. "करंट मारतोय ह्यो. हितली आर्थिंग कुठं हाय?"

माईकवाला धावत आला. "बारीक हाय ओ म्याडम. झिणझिण्या येत्यात नुसत्या. कुणी मेलं न्हाय आजपातूर."

"बारीक म्हंजी किती? मोजला का?"

त्याच्याकडं मोजायला काही नव्हतं. तुझ्या पर्समध्ये होतं. रुमाल, गोळ्यांची डबी आणि मीटर. अर्धा तास कार्यक्रम थांबला. प्रमुख पाहुणे घड्याळ बघत बसले आणि तू, बहात्तर वर्षांची, व्यासपीठामागं वाकून वायर तपासत होतीस. खांद्यावरची शाल घसरत होती म्हणून ती तू माईकवाल्याच्या गळ्यात टाकलीस. आख्ख्या बारामतीत त्या दिवशी खरा सत्कार कुणाचा झाला असेल तर त्याचा.

मी मागच्या रांगेत होते आणि मला लाज वाटत होती. खरं सांगते. मला वाटलं, ह्या म्हातारीनं आता काय लावलंय. पंचेचाळीस वर्षं परदेशात राहून तू अजून 'हितं-तितं' आणि 'न्हाय' बोलायचीस. गावानंसुद्धा अर्धीअधिक सोडलेली बोली तू बर्फात जपून ठेवली होतीस. आम्ही इथं राहून टीव्हीसारखं बोलायला लागलो.

मग शालन वहिनी गेली आणि मी पत्रक काढलं. माझं शिक्षण पत्रकांवरच झालंय, तुला ठाऊक आहे. मोठा टाइप, छोटी वाक्यं, शेवटी उद्गारचिन्ह. 'हा अपघात नाही, हा खून आहे!' तुझ्यापुढं ओट्यावर टाकलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. तू कमरेच्या पिशवीतनं पेन्सिल काढलीस आणि 'खून' या शब्दाखाली रेघ मारलीस.

"कुणी केला?"

"वीज कंपनीनं. अजून कुणी?"

"कशानं?"

"आत्या, तार लोंबकळतीय दोन वर्षं! अर्ज दिलेत आम्ही. बाई मेलीय आणि तू मला प्रश्न विचारतीस?"

"बाई मेलीय म्हून तर इचारती, मित्रे. तार पडली हे कळलं. पण पडल्यावर ती चालू का राह्यली? तार पडली तर फ्यूज जायाला पायजे. का न्हाय गेला?"

मला त्या प्रश्नाचा राग आला. तुला तारेचीच पडलीय, बाईची नाही, असं मी म्हणाले.  तू चपला घातल्यास आणि म्हणालीस, "वायरमनला फोन लाव."

तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमच्या वायरमनवर सहा गावं. बापू त्याचं नाव, कंत्राटावरचा. आल्या आल्या म्हणाला, "म्याडम, लाईन बंद करूनच आलोय. चढू का?"

"बंद हाय हे तू मला सांगू नको. टेस्टर लाव. मग तार जमिनीला बांध. मग हात लाव."

"आवं बंदच हाय की! रोजचं काम हाय आमचं."

"तार जमिनीला बांधायचा दांडा कुठं हाय तुझा?"

दांडा नव्हता. कधी दिलाच नव्हता म्हणाला. तू म्हणालीस, मग भिगवणहून मागव. तो हसला. मग तू हसत नाहीस हे बघून थांबला. पावणेतीन तास आपण बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून राहिलो. बघायला जमलेली माणसं कंटाळून निघून गेली. कुणीतरी जाता जाता म्हणालं, "स्वीडनची आत्या लई भित्री हाय." तू ऐकलंस. तू म्हणालीस, "व्हय. म्हून तर बहात्तरीची हाय."

त्या पावणेतीन तासांत तू मला तुझं सगळं आयुष्य सांगितलंस, कामाच्या चार गोष्टींइतकं. गावात वीज आली तेव्हा तू सात-आठ वर्षांची. एक खांब आपल्या बौद्ध वस्तीच्या अलीकडं, एक पलीकडं. तार घरांच्या छपरांवरून गेली आणि मळ्यातल्या मोटरीला लागली. खाली घरात उतरली नाही. पुढं कितीतरी वर्षं. आजोबा मागायला गेले तर गावकरी म्हणाले, "तुमच्या डोक्यावरनंच जातीय की लाईट, आजून काय पायजे?" तू रोज अंगणात उताणी पडून ती तार बघायचीस. तू म्हणालीस, "मला राग येत नव्हता गं. मला कळत न्हवतं, की एवढ्या बारक्या तारेत हाय तरी काय, जे आमाला द्यायला जड जातंय."

आत्या, मी पत्रकात हे दहा वेळा लिहिलं असतं आणि दहाही वेळा रागानं लिहिलं असतं. तू ते कुतूहलानं पाहिलंस. त्या कुतूहलाच्या पाठीमागं तू पुण्याला गेलीस, तिथल्या वर्कशॉपमध्ये तुला 'बाई, तुम्ही ड्रॉइंग काढा' म्हणून कोपऱ्यात बसवलं, तिथनं स्वीडनला गेलीस. आणि तिथं तुला कळलं की बर्फ आणि आपला मुरूम सख्खे भाऊ आहेत.

हे तू बाभळीखाली काडीनं जमिनीवर काढून दाखवलंस. तार ओल्या जमिनीवर पडली की करंट धबाधबा जमिनीत उतरतो, यंत्राला कळतं, लाईन बंद पडते. कोरड्या मुरमावर किंवा कोरड्या बर्फावर पडली तर करंट उतरतो थेंबथेंब. यंत्राला वाटतं कुणीतरी एखादी मोटर चालू केली असेल. तार तशीच पडून राहते, जिवंत, कुणाची तरी वाट बघत. जगभरच्या शहाण्यांना हे ओळखता येत नव्हतं. तू त्यावर उभं आयुष्य घातलंस.

"सुचलं कसं?" मी विचारलं.

"भिगवणच्या गिरणीवरनं. आई दळण घिऊन बसायची, मी संगं. गिरणीवाला पाठ करून बिडी वढत बसल्याला आसायचा. पर दाणा सराय लागला की बरुबर वळायचा. जात्याचा आवाज बदलतो ना. मी म्हटलं, तार बी आवाज बदलत आसंल. करंट किती हाय ते सगळे बघत व्हते. मी म्हटलं, त्यो थरथरतो कसा ते बघू."

आणि थरथरत होता. पडलेल्या तारेचा करंट सरळ वाहत नाही, बारीक ठिणग्यांनी अडखळत वाहतो. ते अडखळणं ऐकणारं यंत्र तू केलंस. या कामात सगळ्यांत आधी उतरलेल्या चार-दोन माणसांत तू होतीस, आणि त्या चार-दोघांत बाई तू एकटी, सावळी तू एकटी, परदेशातनं आलेली तू एकटी. मी तुझ्याकडं बघत राहिले. भिगवणच्या गिरणीचा आवाज माझ्याही कानावरनं लहानपणापासून गेलाय. मला त्यात फक्त कटकट ऐकू आली.

दांडा आला. बापूनं तार जमिनीला बांधली, चढला, तुटलेली तार आणि तिच्या खालची शाबूत तार, दोन्हींचे तुकडे काढून खाली दिले. तू भिंग लावून बघितलंस. दोन्हींवर एकाच जागी वितळलेल्या धातूचे मणी. राईएवढे.

"उसाची ट्रॉली गेली आसंल हितनं," तू म्हणालीस. "शिगोशीग भरल्याली. उसानं खालची तार वर ढकलली, दोन्ही एकमेकींना चिकटल्या, जाळ झाला. तवाच फ्यूज उडाया पायजे व्हता. लाईन मेली आसती, कुणीतरी बापूला फोन केला आसता, बापूनं तार बघितली आसती. फ्यूज उडाला न्हाय. जळल्याली तार रातच्याला तुटली आन् चालूच राह्यली."

मग आपण डीपीकडं गेलो. तुझ्यासमोर बापूनं ट्रान्सफॉर्मरखालची ती बिनझाकणाची पेटी दाखवली. फ्यूजच्या जागी केसासारखी बारीक तार असायला हवी. तिथं पेन्सिलीएवढी जाड ॲल्युमिनियमची तार पिळून बसवलेली होती. ती वितळायला वस्ती पेटवावी लागली असती.

"ही कुणी टाकली?"

बापू माझ्याकडं बघायला लागला. मग जमिनीकडं.

माझ्या वडिलांनी, दादांनी टाकली होती. तुझ्या धाकट्या भावानं, बाळूनं. डीपीवर मोटरी वाढल्या, फ्यूज दिवसाआड उडायचा. मोटरीला लागणारी थ्री-फेज वीज मिळते ती ठरल्या तासांपुरती, त्यात उसाला पाणी बसायला हवं, बापूचा फोन लागत नाही. दादांनी एका सकाळी लाकडाच्या फळीवर उभं राहून स्वतः तार बसवली आणि सगळ्या शेतकऱ्यांनी त्यांना चहा पाजला. पणदऱ्यापासून डाळजपर्यंत कुठलीही पेटी बघा, हेच दिसेल. आमच्याकडं फ्यूज टिकवणारा माणूस हुशार समजतात.

शालन वहिनी काय चुकली? आमच्या भागात शेंबडं पोरसुद्धा सांगतं, की तार पडली म्हणजे फ्यूज गेलाय. तिनं त्यावर विश्वास ठेवला. तू मला म्हणालीस, "पडल्याली तार जित्तीच समजायची, हे तिला कुणी शिकवलं न्हाय. पर तिचा भरोसा खोटा न्हवता. फ्यूज नीट आसता तर ती आज खुरपत आसती. निष्काळजी ती न्हाय."

तीन दिवस बसून तू अहवाल लिहिलास. तीन पानं. पहिल्यावर कंपनीचं सगळं : लोंबकळती तार, जागोजागचे जोड, झाकण नसलेली पेटी, सहा गावांना एक वायरमन, त्यालाही दांडा नाही. दुसऱ्यावर ते धातूचे मणी आणि ट्रॉली. तिसऱ्यावर जाड तार, आणि ती कुणी टाकली.

तिसऱ्या पानावरनं आपलं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही. मी म्हणाले, पहिली दोन पुरेत. कंपनीचा गुन्हा त्यात आलाय. तिसरं पान दिलं की ते म्हणतील, बघा, गावाचीच चूक, आणि सगळे सुटतील. आणि दादांचं काय? तू म्हणालीस, तिसऱ्या पानाबिगर शालनचं नाव धुऊन निघत न्हाय. तार चालू का राहिली, हेच त्यात आहे. ते काढलं की दोष परत तिच्याच पदरात.

मी तेव्हा जे बोलले ते आज जसंच्या तसं लिहिते. "तुझं सोपं आहे. तू पळून गेलीस. आताही विमानात बसशील. आम्हाला याच वस्तीत राहायचंय."

"व्हय, पळाले," तू म्हणालीस. "हितं राह्यले आसते तर मला खांबावर कुणी चढू दिलं आसतं? मी जाईन, मित्रे. तार हितंच राहील."

मग तू मला घोड्याची गोष्ट सांगितलीस. तुझं पहिलं यंत्र स्वीडनमधल्या एका कुरणाजवळच्या लाईनवर बसवलं होतं. त्याच हिवाळ्यात तार पडली, यंत्राला ऐकू आलं नाही, घोडा मेला. सोबतचे म्हणाले, जनावरच आहे, अहवालात घ्यायची गरज नाही, जुन्या जोडावर ढकलून देऊ. तू घेतलंस. कारणाच्या रकान्यात लिहिलंस, माझं यंत्र बहिरं होतं. पुढं दोन वर्षं तुला त्या कामावरनं बाजूला ठेवलं. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, परदेशातनं आलेल्या बाईचं यंत्र, आणखी काय होणार. तू दोन वर्षं हिशेबनिसासारखी कुठल्याशा खोलीत बसलीस आणि त्या घोड्यानं तुला काय शिकवलं ते कागदावर उतरवत राहिलीस. दुसरं यंत्र त्यातनं निघालं. ते ऐकत होतं.

"घोडा लपवला आसता तर दुसरं यंत्र झालंच नसतं," तू म्हणालीस. बस. उपदेश नाही, पाठीवर हात नाही. दादांना तू एक शब्द रागानं बोलली नाहीस. तीन पानं माझ्या हातात दिलीस. "तू चळवळीतली. तू दे."

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता मी चौकशीच्या कार्यालयात दोन पानं दिली. तिसरं घडी करून आंदोलनाच्या फायलीत, जुन्या पत्रकांच्या मध्ये ठेवलं. तोवर तू परत गेली होतीस; दुपारी स्वीडनहून तुझा फोन आला. "दिलं का?" मी म्हणाले, "दिलं. तिन्ही." हा माझा खोटेपणा, आत्या. तारीखवार.

एप्रिलमध्ये उत्तर आलं. तार जमिनीवर पडूनही चालू का राहिली याचा खुलासा अहवालात नाही, सबब शेरा कायम. 'मयताचा निष्काळजीपणा.' मी ते तुला फोनवर वाचून दाखवलं. तू शेरा पुन्हा एकदा वाचायला लावलास. मग म्हणालीस, "तिसरं पान त्येंला समजलं नसंल. माझंच लिवणं अवघड झालं आसंल. मी सोपं करून लिवते."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा नाही तर दुसऱ्या दिवशी. तुझे फोन येत राहिले. तू विचारायचीस, साहेबाला मराठीत चित्र काढून दिलं तर कळंल का? सर्किट नको, नुसती गिरणी काढू का? घडी घातलेलं तिसरं पान माझ्या कपाटात आणि तिकडं तू, जिचं काम शिकायला परदेशातली पोरं येत, तू समजत होतीस की तुला एक पान नीट लिहिता येत नाही.

तुझ्या शेजारणीनं टेबलावरच्या कागदांचे फोटो पाठवले. मला जे वाटलं होतं तेच. आमचं तिसरं पान. पाच वेळा लिहिलेलं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा सोपं. पाचव्यात तर तू शालन वहिनीचं चित्र काढलंयस, शेरडं मागं, आणि खाली लिहिलंयस, 'हिला वाटलं तार बंद आहे. तिला तसं वाटायचा हक्क होता.'

परवाच्या सोमवारी मी दादांपुढं फोन धरला. त्यांनी पाचही पानं वाचली. चष्मा पुसला, परत पाचवं वाचलं.

"अक्कानं माझं नाव न्हाय लिवलं ह्यात," ते म्हणाले.

पाचव्या पानात खरंच नव्हतं. 'शेतकऱ्यानं' एवढंच होतं. भावासाठी एवढीच सूट घेतली होतीस तू.

"मीच लिवतो," दादा म्हणाले. "पर आधी भगवानकडं जाऊ."

भगवान म्हणजे शालन वहिनीचा नवरा. तो गोठ्यात होता. दादा उभ्यानंच म्हणाले, "भगवान, डीपीतली जाड तार मी टाकली व्हती. शालन त्येच्यामुळं गेली." मी भगवानच्या हातातल्या दाव्याकडं बघत होते. तो ओरडेल, मारेल, काहीतरी करेल असं वाटलं. तो खाली बसला. दावं बाजूला ठेवलं.

"मला ठावं व्हतं, बाळूतात्या. त्याच दिशी बघितली म्या."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? मळ्याकडच्या डीपीत म्याच टाकलीया तसली." त्यानं मान वर केली नाही. "आजून तशीच हाय. ती गेल्यावर बी न्हाय काढली. पाण्याची पाळी चालू व्हती."

आत्या, मला घोषणा येतात. मला निवेदनं येतात. त्या गोठ्यात त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. तू असतीस तर काय विचारलं असतंस ते मला ऐकू आलं, आणि मी तेच विचारलं. "कुठला डीपी? आत्ता कोण कोण जातं तिकडनं?"

बापूला बोलावलं. बापू आता दांडा घेऊनच येतो. तू स्वीडनला परतल्यावर त्यानं तो वर्गणी काढून विकत घेतला, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं लाईन बंद केली, टेस्टर लावला, तार जमिनीला बांधली, आणि मग हात लावला. आम्ही तिघं उभे होतो. दादांनी टाकलेली जाड तार तू इथं असतानाच काढायला लावली होतीस; आता भगवानच्या डीपीतनं निघाली. शेजारच्या डीपीतनं निघाली. तिसऱ्यातनंही. बापूनं बारीक तारा बसवल्या. त्या रात्री फ्यूज उडाला आणि वस्ती अंधारात बसली. कुणी दादांना शिव्या दिल्या, कुणी मला. उडू दे. उडाला म्हणजे तो जागा आहे.

मंगळवारी दादांनी स्वतःच्या नावासकट तिसरं पान दिलं. पोचपावती घेतलीय. पुढं काय होईल माहीत नाही. पोलीस येतील, कंपनी म्हणेल आमचा काय दोष, पहिल्या पानावरचं सगळं तसंच पुढं ढकललं जाईल. मी ढकलू देणार नाही, आणि या वेळी माझ्या हातात पूर्ण खरं आहे, निम्मं नाही. निम्म्या खऱ्यावर मी किती जोरात ओरडत होते, ते तुझ्या पेन्सिलीच्या एका रेघेनं मला दाखवलं होतं. मी ते वाचलं नाही.

तू मला कधी शहाणी म्हणाली नाहीस. एकदाच, विमानतळावर, म्हणालीस, "तुझा आवाज चांगला हाय. त्येच्यात काय भरायचं ते बघ." मी तेव्हा वैतागले होते. तुझ्याएवढं काम माझ्या हातनं होणार नाही. माझ्याकडं तुझे कान नाहीत. पण छपरावरनं गेलेल्या तारेकडं बघत पडलेल्या त्या पोरीनं, जिच्या घरात दिवा नव्हता, तिनं बर्फातल्या परक्या माणसांच्या, त्यांच्या लेकरांच्या, घोड्यांच्या पायाखालची जमीन सुरक्षित केली. ज्यांनी तिला परकी म्हटलं त्यांचीसुद्धा. हे मी उभी राहून, टोपी काढून बघावं तसं बघते. आणि त्याच पोरीचं शेवटचं काम माझ्या कपाटात घडी होऊन पडलं होतं. माफी मागायला तू नाहीस. माफी मागून उपयोगही नव्हता, तू विचारलं असतंस, 'मग केलं काय?'

आता वाचणाऱ्यांनो, तुम्हाला सांगते. तुम्ही बारामतीचे असा, इंदापूरचे असा, बागायतदार असा की मजूर. तुमच्या मोटरीला वीज देणाऱ्या डीपीत कसली तार आहे, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही टाकली असेल, भावानं टाकली असेल, टाकणाऱ्याला तुम्ही चहा पाजला असेल. स्वतः हात लावू नका. याच आठवड्यात वायरमनला बोलवा, लाईन बंद करायला लावा, तार जमिनीला बांधल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका, आणि ती जाड तार काढून होईपर्यंत तिथनं हलू नका. पेटीला झाकण नसेल तर ते बसवून मिळेपर्यंत कंपनीच्या दारात बसा; मला कळवा, मी येते. आणि ती तार कुणी टाकली हे ग्रामसभेत उभं राहून, नाव घेऊन सांगा. दुसऱ्याचं सांगू नका. आधी आपलं सांगा.